उजव्या हाताचा डोंगर

पुस्तक आलं तेव्हा खदीजा स्टोव्हवर खळ ढवळत होती. गव्हाच्या पिठाची खळ मध्येच सोडली की गुठळ्या होतात, म्हणून आलेल्या मुलीला तिने मान वर न करताच टेबल दाखवलं. मुलीने चादरीत गुंडाळलेलं जड काहीतरी तिथे ठेवलं, गाठ सोडली, आणि खदीजाचा हात थांबला. त्या दिवशीची खळ फेकावीच लागली.

घणसोली गावातल्या त्या भाड्याच्या खोलीत रोज जुनी पुस्तकं येत. कुणाच्या आजोबांची पोथी, कुणाचं कुरआन, कॉलेजांच्या लायब्ररीतली वाळवीने खाल्लेली रजिस्टरं. खदीजा ती धुवायची, सांधायची, शिवायची. या कामात तिचं नाव झालं होतं आणि ते तिने स्वतःच्या बोटांनी कमावलं होतं. पण हे पुस्तक तिने पंधराव्या वर्षी शेवटचं पाहिलं होतं. पाठीवरचं तपकिरी कातडं, शिवणीतला दुहेरी टाका, वरच्या टोकाची लाल-पांढरी रेशमी पट्टी. हा टाका घालणारा एकच माणूस तिला माहीत होता. तो तिचा बाप.

मुलीने नाव सांगितलं, नबीला मुकादम. आर्किटेक्ट होती, सव्वीस-सत्तावीसची, बोलायला गोड. आजोबांचं पुस्तक आहे, म्हणाली. आजोबांना कोण ओळखत नाही, नजीब मुकादम, पोर्टावर निम्मे ट्रेलर त्यांचेच. बेलापूरला एका संस्थेचं नवं दालन उघडतंय, आजोबा हे पुस्तक तिथे देणार, दालनाला त्यांचं नाव लागणार. तेवढ्यासाठी पुस्तकाची डागडुजी आणि एक तपासणीचा रिपोर्ट हवा होता. खदीजाचा नंबर तिला नेटवर मिळाला होता. आपण कोणाच्या दारात उभ्या आहोत याची तिला गंधवार्ता नव्हती. असणार कुठून? तेव्हा ती चार-पाच वर्षांची असेल, आणि खदीजाचं आडनावही लग्नानंतर बदललेलं.

"ठेवून जा," खदीजा म्हणाली. "बघते मी."

आता ते तेव्हाचं काय, ते सांगायला हवं.

खदीजाचा बाप हमझा पारकर हा मोरबंदरचा. मोरबंदर म्हणजे द्रोणागिरीच्या बाजूचं खाडीकाठचं लहानसं गाव होतं. आता तिथे कंटेनरच्या सात मजली चवडी आहेत आणि गावाचं नाव फक्त जुन्या लोकांच्या तोंडात उरलंय. गाव उठलं तशी माणसं पनवेल, तळोजा, वाशी अशी विखुरली, पण जमात एक राहिली. हमझा जमातीचा बाइंडर. मशिदीतली कुरआन, निकाहची रजिस्टरं, मदरशातली पोरांची पुस्तकं, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. वुजू केल्याशिवाय, म्हणजे नमाजआधी धुतात तसे हातपाय-तोंड धुतल्याशिवाय, तो कुरआनला हात लावत नसे, आणि दिलेल्या वेळेला काम देत नसे. या दोन्ही गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या.

एकदा एका जुन्या बंगल्यातून निघालेल्या रद्दीत त्याला हे पुस्तक सापडलं. दीडशे वर्षांपूर्वी कुण्या गोऱ्या अधिकाऱ्याने किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत काढलेली बत्तीस मोठी चित्रं. मुंबईचा कोट, सुरतेचा घाट, पनवेलचा बाजार, कर्नाळ्याचा सुळका, पावसातले धबधबे, तिवरांचं रान. आणि सतराव्या पानावर मोरबंदर. धक्का, कौलारू मशीद, शिडाचे दोन पडाव, मुकादमांचं चौसोपी घर आणि मागे डोंगर. हमझा ते चित्र बघत किती वेळ बसला होता, ते खदीजाने पाहिलं होतं. गाव गेल्यावर त्याच्याकडे गावाचा फोटोसुद्धा राहिला नव्हता.

चित्रात एकच गोष्ट खटकणारी होती. धक्क्यावर उभं राहिलं की डोंगर डाव्या हाताला आणि खाडी उजव्या, हे मोरबंदरचं शेंबडं पोरही सांगेल. चित्रात डोंगर उजव्या हाताला होता. हमझा हसला, कपाटाचं दार उघडलं आणि दारावरच्या आरशासमोर ते पान धरलं. आरशात गाव जागच्या जागी बसलं. त्याने मुलीला समजावलं की हे चित्र दगडावर काढून छापलेलं आहे. दगडावर जसं काढाल त्याच्या उलट कागदावर उमटतं. साहेबाने डोळ्यांनी पाहिलं तसंच दगडावर उतरवलं, उलटं काढायचं विसरला, आणि आपला डोंगर बसला पलीकडे जाऊन.

त्याने सहा महिने खपून पुस्तक नव्याने बांधलं आणि जमातीला भेट द्यायचं ठरवलं. फुकट. गावाची आठवण राहील एवढंच त्याच्या मनात होतं.

तळोज्याच्या हॉलमध्ये जुम्म्याच्या नमाजनंतर सगळे जमले. नजीब मुकादम जमातीचा अध्यक्ष. जमातीत त्याच्या शब्दाला वजन, आणि हे वजन मोजायची त्याला भारी हौस. त्याने सर्वांसमोर सतरावं पान उघडलं, बघितलं, आणि मोठ्याने विचारलं, "हमझा, हा डोंगर कधी हलला रे?"

लोक हसले. नजीबने पान बोटाने चाचपलं. हमझाने त्याला आतून नवी कागदी पट्टी लावली होती, जीर्ण पान शिवणीत टिकायला लावतात तशी. ती पट्टी नजीबने वर करून दाखवली. नवीन चिकटवलंय बघा, म्हणाला. कुठलं तरी भलतंच चित्र आणून मध्ये घुसडलंय, आणि आपल्या गावाच्या नावावर खपवतोय.

"तसं नाय," हमझा म्हणाला. "आरसा आना कोनीतरी. एक आरसा आना, दाखवतो."

आरसा दहा पावलांवर होता, वुजूच्या नळांच्या वर टांगलेला. कुणी उठलं नाही. "आरशात तूच तोंड बघ," जमातीतला तौहीदचाचा ओरडला आणि हॉल पुन्हा हसला. नजीबने कातर मागवली, पान शिवणीलगत कापलं आणि हमझाच्या मांडीवर टाकलं. नकली पान जमातीला नको, म्हणाला. पुस्तक मात्र त्याने आपल्याकडेच ठेवून घेतलं.

पडद्याआड बायकांमध्ये खदीजा बसली होती. तिच्या पर्समध्ये गोल, मिटणारा आरसा होता, ईदला घेतलेला. तिला उठता आलं असतं. सगळ्यांच्या नजरा झेलत पुरुषांच्या बाजूला जायचं, हे तिला जमलं नाही. ती पर्स घट्ट धरून बसून राहिली. नजीबवर तिचा राग बावीस वर्षं होता, हे खरं, पण त्यातला थोडा तिने स्वतःसाठीही राखून ठेवला होता, आणि तो जास्त जळजळीत होता.

त्यानंतर हमझाकडे कुरआन येणं बंद झालं. कोणी तोंडावर काही बोललं नाही. लोक सलाम करायचे, तब्येत विचारायचे आणि पुस्तकं घेऊन पनवेलच्या दुसऱ्या बाइंडरकडे जायचे. खोटं पान चिकटवणाऱ्याच्या हातात अल्लाचा कलाम कसा द्यायचा? हमझा एका झेरॉक्सच्या दुकानात बसून इंजिनिअरिंगच्या पोरांची प्रोजेक्टं काळ्या पुठ्ठ्यात बांधू लागला. सहा वर्षं त्याने ते केलं आणि मग गेला. मयताला नजीब मुकादम आला होता. पहिल्या रांगेत उभा होता.

आणि आता तेच पुस्तक टेबलावर पडलं होतं. खदीजाने हात धुतले, पुसले, आणि सतरावं पान उघडलं.

डोंगर डाव्या हाताला होता.

तिने भिंग घेतलं. एक मिनिटही लागलं नाही. कागद जुना होता, कुठल्या तरी जुन्या वहीचा कोरा कागद, पण छपाई हल्लीच्या यंत्रावरची, आणि रंग कुणा बऱ्यापैकी पेंटरने वरून भरलेले. खऱ्या चित्रावरून कुणीतरी उलटवून नक्कल केली होती. नजीबकडे पानाचा फोटो असणार. त्याने आपल्याला हवा तसा डोंगर उचलून डावीकडे ठेवला होता. नबीलाला फोनवर सहज विचारलं तेव्हा ती अभिमानाने म्हणाली की ते पान पूर्वी फाटलेलं होतं, आजोबांनी मुद्दाम लंडनहून मागवून बसवलं.

लंडनहून! खदीजा एकटीच हसली. खरं पान तिच्या डोक्यावर, माळ्यावरच्या नळकांड्यात होतं.

तिने काय करावं? पुस्तकाला काडी लावता आली असती, आणि खोटं कशाला बोला, तो विचार तिच्या मनात येऊन गेला. पण त्या पुस्तकात बापाचे सहा महिने शिवलेले होते. मग तिने आपलं काम चोख केलं. पानं साफ केली, कोपरे सांधले, कातड्याला तेल दिलं, बापाच्या टाक्याला धक्का लावला नाही. आणि शेवटी रिपोर्ट लिहिला, इंग्रजीत, सहा पानी, एकेका चित्राची नोंद करत. चौथ्या पानावर सतराव्या चित्रापुढे लिहिलं: मूळ पान नाही, अलीकडे तयार केलेली नक्कल, मूळ चित्र उलट छापलेले असते, हे तसे नाही.

एक अक्षर लपवलं नाही. लपवायची गरजच नव्हती. असे रिपोर्ट कोणी वाचत नाही, हे तिला धंद्यात पंधरा वर्षं काढल्यावर पक्कं कळलं होतं.

नबीला पुस्तक न्यायला आली ती खजुराचा डबा घेऊन. पुस्तक बघून तिचे डोळे चमकले. तिने विचारलं, "काय प्रॉब्लेम नाय ना?"

"सगळं रिपोर्टात लिहिलंय. वाच आणि मग सही कर."

खदीजाने हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना आवाज थोडा चिरकला, कारण पोरगी चांगली होती आणि तिने कुणाचं काही बिघडवलेलं नव्हतं. नबीलाने पहिलं पान चाळलं, शेवटच्या पानावर सही केली आणि टॅक्सी थांबलीये म्हणत निघाली. जाताजाता कार्यक्रमाचं आमंत्रण देऊन गेली. यायलाच पाहिजे हां, म्हणाली. खदीजा म्हणाली, येणार.

रविवारी सकाळी अकराला बेलापूरचं ते दालन भरलं होतं. नजीबने मोरबंदरच्या म्हाताऱ्या लोकांसाठी खास बस केली होती. शहात्तरीचा झाला होता, काठी आली होती, पण नाक तेवढंच वर. काचेच्या पेटीत पुस्तक उघडून ठेवलं होतं. कुठलं पान, ते सांगायला नको. म्हातारे एकेक करून वाकून बघत होते आणि आपापली घरं शोधत होते. खदीजा मागच्या रांगेत बसली. खांद्यावर नळकांडं होतं. ते तिने का आणलं होतं, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

मुंबईहून जुन्या चित्रांच्या अभ्यासक आल्या होत्या, संघमित्रा नावाच्या. साधी सुती साडी, गळ्यात भिंग. त्यांनी पुस्तकाबद्दल चांगलं भाषण केलं, बांधणीचं तोंडभरून कौतुक केलं, आणि सतराव्या पानाविषयी अवाक्षर काढलं नाही. बाईंनी रिपोर्ट वाचला आहे हे खदीजाने त्या न बोलण्यावरून ओळखलं. त्या माणसाला चार लोकांत उघडं पाडायची त्यांची इच्छा नव्हती. प्रकरण तिथेच मिटलं असतं.

पण नजीबला शिक्का हवा होता. तो माईकजवळ गेला. म्हणाला, मॅडम, आमच्या गावाचं पान सगळ्यात महत्त्वाचं, त्यावर दोन शब्द बोला. बाई म्हणाल्या, त्यावर आपण नंतर निवांत बोलू. "नंतर कशाला?" नजीब हसून म्हणाला. खोटं वीस वर्षं बोललं की ते माणसाला पाठ होतं, आणि पाठ झालेलं खरंच वाटू लागतं.

"हे पान ओरिजिनल हाय, एवढंच माईकवर सांगा," तो म्हणाला. "हे सगळे गाववाले बसलेत. ह्यांना ऐकू दे."

संघमित्राबाईंनी माईक हातात घेतला.

"हे पान मूळचं नाही," त्या म्हणाल्या. "या चित्राच्या सगळ्या खऱ्या प्रतींत डोंगर उजवीकडे असतो. दगडावरून उलटं छापलं गेलंय ते, तीच त्याची ओळख. ज्याला गाव माहीत आहे अशा कुणीतरी हे नंतर बनवलंय. तुमच्याच रिपोर्टात लिहिलंय, चौथ्या पानावर."

पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. नजीबचं तोंड उघडं होतं. नबीला पर्समधून रिपोर्ट काढून पानं उलटत होती, आणि चौथ्या पानाशी तिचा हात थांबलेला खदीजाने मागून पाहिला. पोरीची मान खाली गेली. त्याचं खदीजाला वाईट वाटलं. नजीबचं वाटलं नाही. अजिबात नाही. तिच्या अंगात गार पाणी प्यायल्यासारखं काहीतरी उतरत गेलं.

पहिल्या रांगेत तौहीदचाचा उठला. ऐंशीच्या पुढचा, दोन्ही गुडघे गेलेले. आधाराला समोरची खुर्ची धरून तो म्हणाला, "हमझा आरसा मागत होता."

"आरसा मागत होता तो," तौहीदचाचा पुन्हा म्हणाला. "आमी हसलो."

त्याने वळून मागच्या रांगांकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि विचारलं, "हमझाची पोर ना गं तू?" सगळ्या माना वळल्या. खदीजा उठली, मानेनेच हो म्हणाली, आणि नळकांड्याचं झाकण न उघडता बाहेर पडली. पान तिथे काढून दाखवलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. पण नजीबला तिने त्या शांततेत तसाच उभा ठेवला.

तीन दिवसांनी दुपारी नजीब मुकादम घणसोलीच्या त्या अरुंद जिन्यावरून वर आला, एका हाताला काठी आणि एका हाताला नबीला. जिना चढून त्याला धाप लागली होती. खदीजाने खुर्ची दिली, पाणी दिलं. घरी आलेल्याला पाणी द्यायचं हे बापाने शिकवलं होतं, म्हणून.

संस्थेने दालनावरचं नाव थांबवलं होतं. नबीला म्हणाली की खरं पान पुस्तकात परत गेलं तर निदान पुस्तक तरी पूर्ण होईल. ती आजोबांची बाजू घेत नव्हती, घाबरत घाबरत बोलत होती, आणि रिपोर्ट न वाचल्याबद्दल तिने आधी माफी मागितली होती. तिच्याकडे बघून खदीजाचं मन जरा सैल झालं. एवढ्या वर्षांचा राग धरून हातही दुखून आले होते. द्यावं का पान? बापाने ते जमातीलाच तर दिलं होतं.

तिने नळकांड्यातून पान काढलं, टेबलावर पसरलं, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. मग ड्रॉवरमधून एक गोल, मिटणारा आरसा काढला. बावीस वर्षांत त्याचं झाकण पिवळं पडलं होतं. तो उघडून तिने म्हाताऱ्याच्या हातात दिला.

"बघा, नजीबचाचा."

आरसा तळहाताएवढा, त्यात अख्खं गाव मावेना. नजीब तो पानाच्या कडेला उभा धरून इकडून तिकडे सरकवत गेला. धक्का दिसला. मग मशीद. मग दोन पडाव. त्याच्या आजोबांचं घर दिसलं तेव्हा त्याने डोळे आरशाच्या अगदी जवळ नेले. डोंगर डाव्या हाताला आला. तो रडत होता, आवाज न करता, दाढीत.

"पेंटर बोलला होता मला," तो म्हणाला.

"काय बोलला होता?"

"की छापताना उलटं होतं म्हनून. नक्कल करायला दिली तेव्हा. हसला तो. बोलला, शेठ, पान तर खरंच होतं."

"कधी?"

"दोन हजार चारला. पन तोवर दोन वर्सं झाली होती गं. कसा बोलनार मी? कोनत्या तोंडानं?"

इतकी वर्षं खदीजाने त्याला मूर्ख आणि गर्विष्ठ समजून त्याचा द्वेष केला होता. दोन हजार चार. बाप गेला दोन हजार आठला. चार वर्षं हा माणूस जाणून होता. चार वर्षं तिचा बाप त्या झेरॉक्सच्या दुकानात काळे पुठ्ठे चिकटवत होता, आणि हा ईदला गळाभेट घेत होता. मयतात पहिल्या रांगेत उभा होता.

नबीलाने आजोबांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला होता.

खदीजाने चारी वजनं उचलली. घाई केली नाही. पान गुंडाळून नळकांड्यात घातलं.

"पान मी त्या दालनाला देणार," ती म्हणाली. "अब्बांच्या नावानं. समोर आरसा लावा म्हणून सांगणार, चांगला मोठा. आणि शेजारच्या पेटीत तुमचं पुस्तक, तुमचं पान उघडून. खाली लिहायला लावणार, नक्कल कोणी करून घेतली ते."

"लोक येतील बघायला," नजीब म्हणाला. "आपले लोक."

"येऊ देत."

"खदीजा, मी आता किती दिवसांचा?"

"अब्बांनी एक आरसा मागितला होता," ती म्हणाली. "सहा वर्षं जगले त्यानंतर. तुम्ही कधीही आणून दिला असतात, तरी चाललं असतं."

नजीब काठी टेकून उठला. जिना उतरताना नबीला त्याच्या एक पायरी पुढे होती, पण तिने हात दिला नाही. काठीचा आवाज खालपर्यंत ऐकू आला, मग गल्लीतल्या रिक्षांच्या गलबल्यात मिसळला.

आरसा टेबलावर उघडाच राहिला होता, त्यावर म्हाताऱ्याच्या बोटांचे ओलसर ठसे. खदीजाने तो ओढणीने पुसला आणि मिटायच्या आधी सहज आत पाहिलं. ती हसत होती. केव्हापासून, ते तिला आठवेना. तिने आरसा मिटून ड्रॉवरमध्ये टाकला आणि खळीसाठी पाणी तापत ठेवलं.